मिश्री

“मिश्री किती वर्षं लावतेस?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वैजयंताला तोंड धड उघडता येत नव्हतं, म्हणून तिच्या आईनं, कौसाबाईनं उत्तर दिलं, “न्हानपणापासनं.”

“सवय कुणी लावली?”

वैजयंता नऊ वर्षांची असताना तिची दाढ ठणकायची, तेव्हा कौसाबाईनंच तंबाखू भाजून, कुटून, आपल्या बोटानं तिच्या हिरड्यांवर चोळली होती. कळ थांबली, पोर हसली. मग रोज सकाळी तेच. पोरीनं शाळेतून ब्रश आणला, तेव्हा कौसाबाई म्हणाली होती, “आपल्यात कोण ब्रश करतंय? मिश्रीनं दात दगडावानी ऱ्हात्यात.”

“मीच,” ती पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुन्हा वाचला. कॅन्सर जबड्याच्या हाडात उतरून फुफ्फुसापर्यंत पसरला होता. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं त्यांनी हळूच सांगितलं.

एसटी स्टँडच्या बाकावर वैजयंता आईला बिलगून बसली. कौसाबाई स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागली, तसा वैजयंतानं तिचा हात घट्ट धरला.

“तुला काय ठावं व्हतं, आई?” ती कशीबशी बोलली. “मला तर बाईंनी शाळेत सांगितलं व्हतं, मिश्री वाईट म्हणून. तरी माझ्या लेकीची, सोनीची दाढ दुखाय लागली, तवा मीबी तिला तेच लावलं. आता तिला त्याबिगार करमत न्हाई.”

कौसाबाई ताडकन उठली. “चल, आधी घरी चल!”

गावाची गाडी यायला अजून दोन तास होते.