दुसरा ब्रेक

शिकाऊ बसला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. उतार आला की बस शिकणाऱ्या कंडक्टर पोरीचा पाय गोठायचा आणि ब्रेक मास्तरच दाबायचे. “माझ्या पायाने किती दिवस गाडी चालवशील, पोरी?” ते विचारायचे. आज तिची शेवटची परीक्षा होती. मास्तरांनी आजही ब्रेक दाबला तर पुन्हा कंडक्टरची पिशवी खांद्याला. उतारावर वळण घेताच समोर हातगाडी आडवी आली. बस हळूच थांबली; बाकावरची पाण्याची बाटलीसुद्धा पडली नाही. इतक्या अलगद फक्त मास्तरच थांबवायचे. तिचे डोळे भरून आले. “दाबलात ना ब्रेक? झाले मी नापास!” “इकडे बघ तरी.” मास्तर सीटवर मांडी घालून बसले होते. बूट खाली रिकामे. हातांनी मात्र दांडा गच्च धरलेला. “डेपोपासून असाच बसलोय. चल, पायाला मुंग्या आल्यात.”