ग्रहणाचा भाग

०:००
आजारी मुलांचा धडा बुडू नये म्हणून विज्ञानाच्या बाईंनी पॉडकास्ट सुरू केला. वर्षभरात सगळं पुस्तक बोलून झालं, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना कामावरून कमी केलं. "बाईंचा आवाज आहे ना? मग बाई कशाला?" आज सातवीच्या वर्गात टेबलावर नुसता स्पीकर होता.

६:४०
"ग्रहण दर महिन्याला का होत नाही, हे ज्याला कळलं नाही त्याने हात वर करा," स्पीकरमधल्या बाई सवयीने म्हणाल्या. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने हात वर केला. तिचं बघून शेजारणीने केला, मग अख्ख्या वर्गाने.

६:४५
"छान. म्हणजे कळलं सगळ्यांना. पुढे जाऊ या."
बाई पुढे गेल्या. हात खाली आले नाहीत.

१०:२०
बाईंनी घरचा अभ्यास सांगितला. वह्या सरकत होत्या, तरी सगळ्यांनी तो एकाच हाताने लिहून घेतला.

११:००
भाग संपला. मुख्याध्यापक दारात उभे होते.
"हात खाली घ्या. डोकी आहेत का खोकी? ते रेकॉर्डिंग आहे, त्याला दिसत नाही."
"माहीत आहे, सर." चष्मेवाली उभी राहिली. अवघडलेला हात तिने दुसऱ्या हाताने आणखी वर धरला. "तुम्हाला दिसतायत ना?"