पाद्रीबाबा येतात तेव्हा
युद्धात पोरगा कामी आला की घरी सांगायला पाद्रीबाबा येत. म्हणून त्या हिवाळ्यात ते गल्लीत शिरले की हेलसिंकीची कुत्रीसुद्धा खाटेखाली लपत. शेजारच्या हिल्माचा लेक वैनो आघाडीवर; तिने तर त्यांना दार उघडलंच नाही. रविवारी मात्र ती थेट त्यांच्याच पांढऱ्या कॅथेड्रलमध्ये, खांबाआड माझ्याशेजारी बसलेली. "अगं, इथे कशाला कडमडलीस?" "वाघाच्या गुहेत शेळीला कोण शोधतंय!" ती खिदळली. प्रार्थना संपली, आणि पाद्रीबाबा सरळ आमच्याकडेच आले. हिल्माने लोकरी टोपी कानांवर ओढली. "बोलू नका! तुम्ही सांगेपर्यंत माझा वैनो जिवंत आहे." ते तिच्याशेजारी टेकले. "वैनो सुखरूप आहे, हिल्माताई. तार माझ्याच लेक गेल्याची आलीय. घरोघरी सांगत फिरलो, पण बायकोपुढे तोंड उघडत नाही. सांगायला येता का?" हिल्मा उठली. "चला. पण पुढे मी चालते. तुमचा चेहरा लांबूनच बोलतो."