अकराशे पानांचा उंट

"तुमचा कुणाचा विश्वास बसायचा नाही," होलमत-आका म्हणाले, "पण शेवटच्या पानावर तो उंट परत येतो!"

चहाखान्याच्या अंगणात, पाटाकाठच्या रुंद लाकडी तख्तावर बसलेल्यांनी माना डोलावल्या. सुऱ्या मात्र पुलावाच्या गाजरांवर चालतच राहिल्या. उझबेकिस्तानातल्या मर्गिलानात मित्रांच्या ठरलेल्या बैठकीला 'गप' म्हणतात, आणि तिथं गप बसलेला माणूस कुणाला चालत नाही. आजच्या गपेत मात्र एकाला गप करायचं घाटत होतं.

कारण तेच, 'वाळूची सराई'. गावच्याच एका दिवंगत लेखकाची अकराशे पानांची कादंबरी. हरवलेल्या उंटाची वाट पाहणारा एक म्हातारा सराईवाला, एवढीच गोष्ट. सगळं मर्गिलान तिला थोर म्हणे. शाळेत तिच्यावर भाषणं होत, लग्नात ती आहेरात येई. होलमत-आका सोडले तर वाचली आहे असं शपथेवर सांगणारा मात्र अजून भेटायचा होता.

"अहो आका, एक वाक्य अकरा पानं चालतं!" दंतवैद्य नेमतिल्ला म्हणाला. "रेशमाचे कोष उकळायला साठ पानं! तेवढ्यात खरे कोष उकळून, त्यांचं कापड विणून, नेसून, फाटूनसुद्धा जाईल. मी चाळिसाव्या पानावर हात टेकले. दुखरा दात आणि असलं पुस्तक, वेळीच उपटावं."

"तसं म्हणू नकोस," गपेचा म्होरक्या मुहिद्दीन म्हणाला. "माझ्या घरी आहे ते. खोलीच्या दाराला लावून ठेवलंय. चार वर्षं झाली, वाऱ्यानं दार आपटलं नाही. थोरच पुस्तक."

तख्त हसून हसून डुगडुगलं. होलमत-आकाही हसले, पण मिशीतल्या मिशीत.

"वाळूतून चालताना पाय रुततो," ते म्हणाले. "म्हणून वाळूला कुणी नावं ठेवतं का?"

"वाळूत जायला सांगतंय कोण?" नेमतिल्लानं सुरी खाली ठेवली. "मुहिद्दीन, माझा ठराव घे. आजपासून गपेत या पुस्तकाचं नाव काढायचं नाही. जो काढेल त्यानं सगळ्यांना पुलाव घालायचा."

"कढईत तांदूळ पडला की हात वर करू," मुहिद्दीन म्हणाला.

होलमत-आकांनी किटली उचलली आणि नेमतिल्लाचा पियाला भरला. अगदी काठोकाठ. सगळ्यांचं हसू थिजलं. हवाहवासा माणूस असला तर इथं त्याला घोटभरच चहा ओततात, संपला की पुन्हा घोटभर. माणूस बसून राहावा म्हणून. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे पी आणि ऊठ. नेमतिल्लाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं पियाल्याला हातही लावला नाही.

खरी गोष्ट अशी, की उंट परत येतच नाही. होलमत-आकांना ते पक्कं ठाऊक होतं. गेल्या वसंतात त्यांनी गोष्टीच्या शेवटी पूर आणला होता. त्याआधी सराईत लग्न लावून दिलं होतं. एकदा तर सराईवाल्याला थेट ताश्कंदच्या विमानात बसवून मोकळे झाले होते. दर वेळी मंडळी म्हणत, "वा आका, काय शेवट आहे!" कुणी खोडून काढत नसे, आणि आका नवा शेवट जुळवायला बसत. त्या अकराशे पानांच्या वाळूत ते एकटेच हिंडत होते. कुठंतरी दुसऱ्या कुणाचं एखादं पाऊल दिसावं, म्हणून थापा पेरत होते. आज हात वर झाले की पेरणीही बंद.

कढईत गाजरं पडली. आता तांदूळच तेवढा उरला होता.

"तर काय सांगत होतो," आकांनी घसा खाकरला. "उंट येतो. एकटा नाही, मागं तीन पिल्लं! गळ्यात चांदीच्या घंटा. आणि पाठीवर काय असावं? समरकंदची खरबुजं!"

"वा!" मुहिद्दीन म्हणाला आणि तांदळाचं भांडं उचलायला वळला.

"बर्फ पडत असतो," आकांनी आवाज चढवला. "उंट सराईपाशी येतो. बघतो तर काय, फाटक बंद! आतून कडी. बिचारा कपाळानं धडका देतो, एक, दोन..."

"बंद?"

नेमतिल्ला गुडघ्यांवर उठला होता.

"बंदच," आका म्हणाले. "म्हातारा शहाणा. थंडीचं फाटक कोण उघडं टाकेल?"

"काहीतरीच काय बोलता! फाटक उघडं असतं, आका!" नेमतिल्लाचा आवाज फाटला. "उंट येतच नाही! म्हातारा कडी उपसून पाटात फेकतो, फाटक सताड उघडं टाकतो आणि झोपी जातो. बस्स, संपलं पुस्तक! अकराशे पानं वाट पाहायला लावली, आणि शेवटी उघडं फाटक! असं पुस्तक असतं का कुठं? अजून रात्री जाग येते मला, वाटतं घंटा वाजली. आणि तुम्ही खुशाल म्हणता, बंद? खोटं! साफ खोटं!"

मुहिद्दीन तांदळाचं भांडं हातात धरून तसाच उभा राहिला.

"अरे, पण तू तर चाळिसाव्या पानावर..."

होलमत-आकांनी तो काठोकाठ पियाला उचलला, पाटात रिकामा केला. किटली वाकवली. चहा त्यांनी नेमका तळापुरता ओतला आणि आदरानं डावा हात छातीवर ठेवून पियाला नेमतिल्लापुढं धरला.