दुसऱ्या मजल्यावरचं कुलूप

"तुमचं कुलूप फुसकं निघालं," घरमालक दुकानात शिरता शिरता म्हणाला, आणि चावीमास्तरांच्या हातातली कानस थांबली.

आग लागली म्हणाला असता, तरी मास्तरांनी एवढ्या झटकन मान वर केली नसती.

घरमालकाचं दुसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर जुना भाडेकरू गेल्यापासून रिकामं होतं. दाराला मास्तरांनी स्वतःच्या हातानं घडवलेलं कुलूप होतं. आणि आता आत कोणीतरी खुशाल राहत होतं. एक बाई आणि एक लेकरू, एवढंच शेजाऱ्यांना दिसलं होतं. ना करार, ना ओळखपाळख. घरमालक जिना चढून गेला, तर दाराआडून उत्तर आलं की रागावू नका, सोय झाली की जाते. दार काही उघडलं नाही, आणि त्याची चावीही आता लागेना.

"दार फोडलं असेल," मास्तर म्हणाले.

"साधा ओरखडा नाही हो. तुमच्याच कुलपातून आत गेलीय."

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. लोक म्हणायचे, मास्तरांचं कुलूप आणि मास्तरांचं तोंड एकदा बंद झालं की दुसऱ्या कुणाला उघडत नाही. त्यांच्या कुलपाला एक खोड होती. चावी आधी थोडी उलटी फिरवायची, मग सुलटी. ही खोड माहीत असलेल्यांकडे चावी होती आणि चावी नसलेल्यांना खोड माहीत नव्हती. विद्या त्यांनी कुणालाच दिली नव्हती. मुलगा नाही, शिकवू कुणाला, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मुलगी होती. शाळेतून आली की समोर बसून बॅटरी धरायची, एवढाच तिचा दुकानाशी संबंध. त्यातही डावखुरी. कामावर सावली पडायची आणि मास्तर वसकन अंगावर जायचे. पुढे लग्न होऊन लांबच्या गावी गेली. मधे एकदा भांडून आली होती, तेव्हा मास्तरांनी दिल्या घरी नांदायचं असतं म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून बायको त्यांना ताट वाढते, पण शब्द वाढत नाही.

मास्तरांना संशय होता तो कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याचा. मशीनमध्ये चावी कापणारा माणूस, त्याला कुलपाची काय अक्कल? पण घुसखोर बाईला त्यानंच मदत केली असणार, मास्तरांचं नाव खराब करायला. त्याच्या दुकानावरून जाताना मास्तरांनी मुद्दाम सुनावलं, "चल, कुलूप कसं उघडतात ते बघायला ये."

तो आला. घरमालकानं सामान रस्त्यावर काढायला दोन दांडगे गडी आणले होते, तेही आले. शेजारीपाजारी जिन्यात उभे राहिले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

मास्तरांनी पिशवीतून वाकवलेली तार काढली, ती कुलपात सरकवली आणि सवयीनं आधी उलटी फिरवली. कळ अडकली.

पुन्हा केलं. पुन्हा अडकली. त्यांच्या कपाळावर घाम आला. कुलूप त्यांचंच होतं, पण कुणीतरी ते खोलून आतल्या कळा बदलून पुन्हा बसवलं होतं.

"जमत नसेल तर ड्रिल आणू का?" मशीनवाला मागून म्हणाला. कुणीतरी हसलं.

मास्तरांनी डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी आतला अंदाज घेतला. जे उजवीकडे असायला हवं ते डावीकडे होतं. कामात कुठेही घाई नव्हती, कुठेही खरखर नव्हती. इतकी सफाई खुद्द मास्तरांना उमेदीच्या वयातही साधली नव्हती. त्यांनी तार डाव्या हातात घेतली, आणि कळा एकेक करून लोण्यासारख्या बाजूला झाल्या. शेवटची तेवढी राहिली. नखानं दाबली असती तरी दार उघडलं असतं.

मास्तरांनी तार बाहेर काढली, पुसली आणि पिशवीत ठेवली.

"माझ्याच्यानं नाही उघडत," ते म्हणाले.

घरमालकाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

"तुमच्याच्यानं नाही?"

"नाही. ज्या हातानं हे बसवलंय, तो माझ्यापेक्षा सरस आहे." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती की मशीनवाल्याला हसावं की काय करावं ते कळेना. हरलेल्या माणसाचा इतका तोरा त्यानं कधी पाहिला नव्हता.

घरमालकानं गड्यांना दार फोडायला सांगितलं. मास्तर दारापुढे उभे राहिले. दाराला धक्का लावायचा नाही, संध्याकाळपर्यंत घर मोकळं करून तुमच्या हातात देतो, हा माझा शब्द, असं त्यांनी सांगितलं. घुसखोरांची जबाबदारी तुम्ही कशी घेता, घरमालकानं विचारलं.

"त्यांची सोय झाली," मास्तर म्हणाले.

मास्तरांचा शब्द म्हटल्यावर घरमालक कुरकुरत का होईना, पण खाली उतरला. गडी गेले. शेजारी आपापल्या घरात गेले. मशीनवाला जाताना म्हणाला की आता या गोष्टीचा सगळ्या बाजारात बोभाटा होणार.

"होऊ दे," मास्तर म्हणाले. "जरूर सांग."

जिना रिकामा झाला. मास्तर उंबऱ्यापाशी खाली बसले. उभ्या जन्मात त्यांनी दारं उघडली होती, वाजवलं मात्र एकही नव्हतं. त्यांनी बोटाच्या पेरानं हळूच दार वाजवलं.

"चिमणे," ते म्हणाले, "बॅटरी आण गं. डाव्या हातातच धर."