ठोकळ्यांचा खेळ

"ठोकळ्यांचं नावसुद्धा काढू नकोस," दारात तिच्या हाती बॅग देत दादा म्हणाला. सकाळी कुठेसा जाऊन आला होता, इस्त्रीचा शर्ट अजून अंगावरच होता. "विचारलंच तर सांग, सगळा कोड मी हाताने लिहिलाय."

"अरे, पण खोटं कशाला?"

"मग सांग खरं. दात काढतील आणि चहा पाजून वाटेला लावतील."

धाकटीने बॅग खांद्याला लावली. व्हिडिओ गेम बनवायला तिने वापरलं होतं ते नवशिक्यांचं सॉफ्टवेअर. कोड लिहायचा नाही, पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. जाणती मंडळी त्याला नाकं मुरडायची, आणि दादा तर त्यांचा मेरुमणी. पट्टीचा प्रोग्रामर, नोकरी सुटून घरी बसला तरी ताठा तसूभर कमी झाला नव्हता. अलीकडे मात्र जरा निवळला होता. गेल्याच आठवड्यात खुर्ची ओढून "दाखव तरी तुझी ती भातुकली" म्हणाला आणि एकेक ठोकळा समजून घेतला. तिला केवढं बरं वाटलं होतं!

तिचा खेळ एका लिफ्टमनचा. तळमजल्यावर चढलेला माणूस वर म्हातारा होऊन उतरतो आणि लिफ्टमनला ते कुणाला सांगता येत नाही. दोन वर्षं ती त्यावर जिवापाड खपली होती. आज गेम बनवणाऱ्या कंपनीला पटलं तर तिथे नोकरी, आणि खेळ तिच्या नावाने बाजारात.

कंपनीच्या बाई खेळायला बसल्या. कुठे अडल्या नाहीत, चुकल्या नाहीत, भराभर मजले चढत गेल्या. रमल्या म्हणायच्या, असं वाटून धाकटीच्या जिवात जीव आला.

"सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "कशात बनवलाय?"

"कशात म्हणजे... सगळा कोड मी हाताने लिहिलाय."

"ठोकळे वगैरे नाहीत ना?"

बाई हसत होत्या. धाकटीला वाटलं, हीच ती परीक्षा.

"छे हो!" तीही दादासारखीच नाक मुरडून हसली. "असल्या पोरखेळाला मी हातसुद्धा लावत नाही."

बाईंचं हसू मावळलं. लॅपटॉप मिटून त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"मला वाटलं होतं, तुमचा भाऊ उगाच बोलतोय. सकाळी त्याने इथेच हा खेळ उघडून एकेक ठोकळा समजावून दिला. म्हणाला, दुपारी बहीण येईल, खेळ माझाच म्हणेल, आणि तो कशात बनवलाय हेसुद्धा तिला सांगता येणार नाही."