गळ्यावरची चीर

नाणी पारखणाऱ्या फिलेरोसने छिन्नी उचलली आणि पुन्हा मेजावर ठेवली.

समोर चांदीचं नवंकोरं नाणं होतं. नव्या सम्राटाचा चेहरा, कुरळे केस, जाड मान. नाणं घेऊन आलेला शतपती कास्पेरियस मेजाला रेलून उभा होता.

"आवाज खणखणीत आहे, साहेब," फिलेरोस म्हणाला. "छेद द्यायची गरज नाही."

"मागच्या म्हाताऱ्याला बरी गरज पडली!"

प्लाकेंतिया शहराच्या चौकात कोणी हसलं नाही. आत तांबं आहे का ते बघायला पारखी नाण्याला छेद देतातच. हिवाळ्यात फिलेरोसनेही दिला होता, म्हाताऱ्या सम्राटाच्या नाण्याला. तो छेद नेमका गळ्यावर पडला. थोड्याच दिवसांत रोमहून बातमी आली, की म्हाताऱ्याचं मुंडकं भाल्यावर मिरवलं गेलं. चांदीतून रक्त येत नाही, हे फिलेरोसला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने ती छिन्नी व्हिनेगरने धुतली होती. पुन्हा धुतली होती.

"कापलंस तर राजद्रोह," कास्पेरियस मजेत म्हणाला. "नाही कापलंस, तर तुझ्या हातात करणी आहे हे तूच कबूल केलंस. बोल, कशाने मरतोस?"

"अरे, काहीतरी कर," शेजारी चणे विकणारी वेत्तिया कुजबुजली. "नुसता बघतोयस काय?"

फिलेरोसने नाणं उलटं केलं. मागे शांतिदेवी उभी होती, हातात डहाळी घेऊन.

"कुठल्या बाजूने कापायचं, ते तुम्ही सांगितलं नाहीत, साहेब."

त्याने देवीच्या वस्त्राच्या काठावर छिन्नी टेकवली. हातोडी उचलली. ठोका बसता बसता छिन्नी घसरली.

कास्पेरियसने नाणं उजेडात धरलं आणि खदखदून हसला. "आत चांदीच आहे! वाचलास, लेका. सम्राटही वाचला."

वेत्तियाने मान लांब करून पाहिलं. तिच्या ओंजळीतले चणे खाली सांडले.

"फिलेरोस, अरे, गळ्यावर..."

"देवीच्या आहे ना? मग असू दे," कास्पेरियस म्हणाला.

तेवढ्यात नदीकडून करकर ऐकू आली. भर दुपारी, शत्रू चालून आल्यासारखे, कोणीतरी वेशीचे दरवाजे लावून घेत होतं.